दार लावून, दार उघडून

(लेखमाला : गिरगावातल्या श्रद्धा – भाग सहावा)

जगन्नाथ शंकरशेट रस्त्यावरच्या सेंट तेरेसा चर्चसमोरून खोताच्या वाडीत शिरलं की गल्ली अरुंद होते आणि बसचे भोंगे मागे पडतात. दोन्ही बाजूंना लाकडी जिने बाहेरून चढणारी घरं, पुढे ओटे, ओट्यांवर कुंड्या. गल्लीतच क्रूस आहे आणि एक छोटं प्रार्थनास्थळही. मे हा कॅथलिक परंपरेत मरियामातेचा महिना. त्या महिन्यात मुंबईच्या जुन्या ख्रिस्ती वाड्यांत आणि गावठाणांत संध्याकाळी क्रुसापाशी मेणबत्त्या लागतात, मोगऱ्याचे किंवा झेंडूचे हार चढतात, ओट्यावरच्या खुर्च्या गल्लीत येतात आणि रोझरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, सुरू होते. शाळांना सुट्टी असते, त्यामुळे मुलंही येतात. काही भक्तीने येतात, काही नंतर मिळणाऱ्या उकडलेल्या चण्यांसाठी. चण्यांसाठी आलेलं मूलही महिनाअखेरीस सगळी प्रार्थना तोंडपाठ म्हणू लागतं.

गेल्या आठवड्यात आपण गिरगावातल्या चर्चच्या इमारती पाहिल्या. या आठवड्याचा विषय इमारतीबाहेरचा आहे. ख्रिस्ती माणूस आध्यात्मिकदृष्ट्या वाढतो म्हणजे नेमकं काय होतं, आणि त्या वाढीत शेजाऱ्यांचं काम काय?

आधी रोझरीची रचना पाहू, कारण बरंचसं उत्तर तिच्यातच आहे. जपमाळेत पाच दशकं. प्रत्येक दशकात एकदा प्रभूची प्रार्थना आणि दहा वेळा मरियामातेला वंदन. प्रत्येक दशकाला येशूच्या किंवा मरियेच्या आयुष्यातला एक प्रसंग नेमून दिलेला असतो. ओठ शब्द म्हणतात, मनाने त्या प्रसंगापाशी थांबायचं असतं. असे पंधरा प्रसंग शतकानुशतकं ठरलेले होते. २००२ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी त्यांत आणखी पाच घातले. लक्षात घेण्यासारखी गोष्ट मात्र म्हणण्याच्या पद्धतीत आहे. समूहात वंदनेचा पहिला भाग एक जण म्हणतो आणि दुसरा भाग बाकीचे. पहिला भाग लूकच्या शुभवर्तमानातल्या देवदूताच्या आणि अलिशिबेच्या शब्दांवर बेतलेला आहे, तर दुसरा म्हणजे पुढे चर्चने जोडलेली विनंती. समूहात कोणीच पूर्ण वंदना एकटा म्हणत नाही. निम्मी आपली, निम्मी शेजाऱ्याची. ज्या शेजाऱ्याशी सकाळी पाण्यावरून वाजलं असेल, त्याचं वाक्य संध्याकाळी आपल्याला पुरं करावं लागतं, तेही पन्नास वेळा.

असं असूनही ख्रिस्ती प्रार्थना मुळात एकांताची आहे, असं अनेकांना वाटतं. त्याला आधारही आहे. मत्तयच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात येशू सांगतो की प्रार्थना दाखवण्यासाठी करू नका. खोलीत जा, दार लावा आणि गुप्तपणे पित्याशी बोला. ही सहावी ओळ. आणि नवव्या ओळीपासून तो शिष्यांना जी प्रार्थना शिकवतो, तिच्यात ‘मी’ आणि ‘माझा’ हे शब्दच नाहीत. पिता आमचा, भाकर आमची, अपराध आमचे. दार लावायला सांगितल्यावर तीनच ओळींनी अनेकवचन! एकट्याने म्हणतानाही माणूस इतरांना बरोबर घेऊनच देवासमोर उभा राहतो, असा याचा अर्थ. मराठी भाषांतरात तर तो आणखी उठून दिसतो, कारण मराठीत ‘आम्ही’ म्हटलं की बोलणाऱ्यामागे उभी असलेली माणसं लगेच डोळ्यांसमोर येतात.

मराठी बायबलमध्ये चर्चसाठी शब्दही ‘मंडळी’ असा आहे. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ बोलावून एकत्र जमवलेली माणसं. भाषांतरकारांनी त्यासाठी देऊळ किंवा मंदिर असा वास्तूचा शब्द न घेता मराठी घरात रोज उच्चारला जाणारा शब्द घेतला, आणि फार नेमका घेतला. ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या दुसऱ्या अध्यायात पहिल्या मंडळीचा दिनक्रम चार गोष्टींत सांगितला आहे : प्रेषितांची शिकवण, परस्परांची संगत, भाकर मोडणं आणि प्रार्थना. या चार गोष्टी एका ओळीत येतात आणि एकीवाचून दुसरी अपुरी राहते.

आता पुन्हा वाडीत येऊ. अठराव्या शतकाच्या अखेरीस दादोबा वामन खोत या पाठारे प्रभू खोतांनी इथली जमीन ईस्ट इंडियन कुटुंबांना दिली आणि त्यांच्या खोतपणावरून वाडीला नाव पडलं. ईस्ट इंडियन म्हणजे मुंबई, साष्टी, वसईचे मूळ रहिवासी. पोर्तुगीज काळात ख्रिस्ती झालेले, घरात आपली वेगळ्या ढंगाची मराठी बोलणारे. १८८७ साली, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात, त्यांनी हे नाव अधिकृतपणे घेतलं. वाडीला लागूनच केशवजी नाईकांच्या चाळी आहेत. तिथला सार्वजनिक गणेशोत्सव १८९३ पासूनचा. एका बाजूला आरती आणि दुसऱ्या बाजूला रोझरी, दोन्ही रस्त्यालगत, दोन्ही सगळ्यांच्या देखत. गिरगावातला ख्रिस्ती माणूस सार्वजनिक प्रार्थना कोणा परक्याकडून शिकलेला नाही. त्याच्या मातीतच ती रीत आहे.

१८९६ मध्ये मांडवीत प्लेग उघडकीला आला आणि मुंबई रिकामी होऊ लागली. त्या वर्षांत माणसं एकत्र जमायला भीत होती, तरी गावठाणांत आणि वाड्यांत क्रूस उभे राहिले. काही साथ टळावी म्हणून, काही वाचल्याच्या कृतज्ञतेतून. आज मुंबईत रस्त्याकडेला जे जुने क्रूस दिसतात, त्यांतले बरेच या काळातले आहेत. खोताच्या वाडीतलं प्रार्थनास्थळही प्लेगमधून बचावल्याची आठवण असल्याचं रहिवासी सांगतात. साथीत चर्चपर्यंत जाणं अवघड झालं, तेव्हा प्रार्थना गल्लीत आली आणि साथ गेल्यावरही गल्लीतच राहिली.

वाडीपासून चालत जाण्याच्या अंतरावर, धोबीतलाव आणि कावेलच्या बाजूला, याहून कडक शिस्तीची एक जागा आहे : गोवेकरांची ‘कूड’. गोव्यातल्या एकेका गावाने मुंबईत घेतलेल्या या सामायिक खोल्या. बोटीवर नोकरी लागेपर्यंत किंवा दोन सफरींच्या मधल्या काळात खलाशी, स्वयंपाकी, वादक इथे राहत. प्रत्येकाची एक पेटी, झोपायला जमिनीवर जागा, अगदी थोडं भाडं. आणि भिंतीशी गावच्या संताचा आल्तार. संध्याकाळी रोझरीला हजर राहणं हा कूडीचा नियम. जेमतेम विशीतली पोरं, खिशात पैसा नाही, बोटीचा पत्ता नाही, घर शेकडो मैल दूर. त्यांना सक्तीने प्रार्थनेला बसवणं आज काहींना खटकेल. पण नोकरी न मिळालेला मुलगा आणि कालच सफरीवरून परतलेला खलाशी एकाच चटईवर बसून एकाच सुरात विनंती करत, तेव्हा त्या मुलाला धीर मिळे तो शब्दांइतकाच शेजारच्या माणसाकडून. भक्ती नियमातून येत नाही, हे खरं. पण पुष्कळदा नियम माणसाला भक्ती सापडेपर्यंत जागेवर बसवून ठेवतो.

दाराचा प्रश्न गिरगावाने एकदा फार वेगळ्या तऱ्हेने पाहिला. ११ मार्च १८८९ रोजी पंडिता रमाबाईंनी चौपाटीजवळ विधवांसाठी ‘शारदा सदन’ उघडलं. रमाबाई १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये ख्रिस्ती झाल्या होत्या. सदनात मात्र कोणाच्या धर्मात ढवळाढवळ होणार नाही, असं त्यांनी वचन दिलं होतं आणि त्या भरवशावर न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर यांच्यासारखे सुधारक त्यांच्या पाठीशी उभे राहिले. पुढच्या वर्षी सदन पुण्याला गेलं. रमाबाई आपल्या खोलीत लेकीसह प्रार्थना करत, आणि दार लावून घेत नसत. काही मुली येऊन बसू लागल्या. यावरून १८९३ मध्ये मोठा गहजब झाला. सदनाच्या सल्लागार मंडळाने अंग काढून घेतलं, अनेक मुलींना पालकांनी परत नेलं. टीकाकारांचं म्हणणं पोकळ नव्हतं. ज्या मुलींना दुसरा आसरा नव्हता, त्यांच्यासमोरचं उघडं दारही एक प्रकारचं बोलावणं ठरू शकतं. आणि रमाबाईंचंही खरं होतं : आपल्याच घरात, आपल्याच देवापुढे त्यांनी कडी का लावावी? या वादात कोणत्याही एका बाजूने पूर्ण निवाडा देता येत नाही. पण उघड्या दारातली प्रार्थना किती ओढ लावू शकते, हे त्यातून दिसतं.

पुढे केडगावच्या मुक्ती सदनात रमाबाईंनी हेच मोठ्या प्रमाणावर केलं. जानेवारी १९०५ मध्ये त्यांनी रोज एकत्र प्रार्थनेला बसण्याचं आवाहन केलं, तेव्हा सुमारे सत्तर जणी आल्या. जूनपर्यंत ही संख्या साडेपाचशेवर गेली आणि दिवसातून दोनदा जमणं सुरू झालं. जूनअखेर तिथे जे आध्यात्मिक जागरण झालं, त्याची नोंद जगभरच्या ख्रिस्ती इतिहासात आहे. त्या जागरणाविषयी लिहिणारे बहुधा त्या रात्रींवर लिहितात. त्याआधीच्या पाच महिन्यांवर फारसं कोणी थांबत नाही. रोज, ठरल्या वेळी, काहीच घडत नसताना बसलेल्या बायका खरं तर या गोष्टीचा गाभा आहेत. दुष्काळातून आणि वैधव्यातून आलेल्या या बायकांना कोणी कधी आपलं म्हणणं विचारलं नव्हतं. इथे त्या मोठ्याने, स्वतःच्या शब्दांत देवाशी बोलल्या, आणि बाकीच्यांनी ऐकलं.

रेव्हरंड नारायण वामन टिळकांची वाट उलट दिशेने गेली. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला आणि त्याच दिवसापासून त्यांची जुनी मंडळी तुटली. पत्नी लक्ष्मीबाई काही वर्षं दूर राहिल्या. त्यांचं ‘स्मृतिचित्रे’ हे आत्मचरित्र वाचणाऱ्यांना ती ताटातूट ठाऊक आहे. नव्या मंडळीत टिळकांना आणखी एक परकेपणा भेटला : उपासनेत चाली विलायती आणि शब्द भाषांतरित. माणूस ज्या भाषेत रडतो त्या भाषेत त्याला प्रार्थना करता आली पाहिजे, हे टिळकांनी जाणलं. त्यांनी अभंग, पदं, भजनं लिहिली, कीर्तनाची परंपरा ख्रिस्ती उपासनेत आणली. आज मराठी चर्चमध्ये ‘उपासना संगीत’ हे पुस्तक उघडलं की त्यांची गीतं पानोपानी भेटतात. भजनात एकाने ओळ घ्यायची आणि सगळ्यांनी उचलायची, म्हणजे रोझरीचीच रीत टाळ-मृदंगासह! १९१७ मध्ये साताऱ्यात त्यांनी ‘देवाचा दरबार’ सुरू केला. बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले, ख्रिस्तावर प्रेम करणारे सगळे तिथे एकत्र बसावेत, ही कल्पना. दोन वर्षांनी, ९ मे १९१९ रोजी, टिळक मुंबईत वारले. त्यामुळे दरबाराला रुजायला वेळ मिळाला नाही. मराठी ख्रिस्ती समाजाचं ते मोठं नुकसान होतं.

मुंबईच्या कॅथलिक महाधर्मप्रांताने १९८०च्या दशकात छोट्या ख्रिस्ती समूहांचा उपक्रम हाती घेतला. बिशप बॉस्को पेन्हा हे त्याचे मोठे पुरस्कर्ते. कल्पना साधी : हजारो माणसांच्या चर्चमध्ये शेजारी ओळखीचा नसतो, म्हणून दोन-तीन इमारती किंवा एक गल्ली मिळून एक समूह करायचा आणि कोणाच्या तरी घरी जमायचं. तिथे अनेकदा वापरली जाणारी सात पायऱ्यांची पद्धत दक्षिण आफ्रिकेतल्या लुम्को संस्थेतून जगभर गेली. प्रभूला बोलवायचं, उतारा वाचायचा, मनाला भिडलेला एखादा शब्द मोठ्याने म्हणायचा, शांत बसायचं, काय जाणवलं ते सांगायचं, आता करायचं काय ते ठरवायचं आणि शेवटी प्रार्थना. यातली सहावी पायरी सगळ्यांत अवघड, आणि सगळ्यांत मोलाचीही. तिसऱ्या मजल्यावरच्या आजींना डायलिसिसला कोण नेणार, नोकरी गेलेल्या घरी कोण जाऊन येणार, हे तिथे ठरतं. हे ठरत नसेल, तर बैठक पुष्कळशी वाचनवर्गासारखी होते. आध्यात्मिक वाढ मोजायची फूटपट्टी नाही. पण दोन वर्षांपूर्वी फक्त स्वतःच्या गुडघ्यासाठी प्रार्थना करणारा माणूस आज शेजाऱ्याच्या मुलाचं नाव घेऊन प्रार्थना करतो, तेव्हा वाढ झाली आहे हे कोणालाही कळतं.

या सगळ्याला घरं लागतात, ही गोष्ट सहज विसरली जाते. खोताच्या वाडीत एके काळी ६५ घरं होती. आज त्यांतली निम्मीही उरलेली नाहीत, बाकीच्या जागी उंच इमारती आल्या. ओटा गेला की गल्लीत खुर्ची येत नाही. पंधराव्या मजल्यावरच्या माणसाला क्रुसापाशी मेणबत्ती लागलेली दिसत नाही. रोझरी मोबाइलवर ऐकता येते आणि आजाऱ्यांना, परदेशी गेलेल्यांना तिचा आधारही होतो. पण मोबाइलवर निम्मी वंदना म्हणणारा शेजारी नसतो. वाडी वाचवण्यासाठी रहिवासी आणि वारसाप्रेमी वर्षानुवर्षं झटत आहेत. त्यांच्या बोलण्यात वास्तुकला येते, पर्यटन येतं. प्रार्थनेची ही रीतसुद्धा त्या वारशात मोजली पाहिजे, कारण ती कुठल्या संग्रहालयात हलवता येणार नाही.

वाडी पाहायला जाणाऱ्या वाचकांना एक विनंती. ही राहती घरं आहेत. ओट्यावर चढून फोटो काढू नका. आणि संध्याकाळी क्रुसापाशी माणसं जमलेली दिसली तर कॅमेरा खाली ठेवून कडेला पाच मिनिटं थांबा. तुम्ही कोणत्या धर्माचे आहात, हे तिथे कोणी विचारणार नाही.

(पुढील भाग : माहीमची बुधवारची नोव्हेना)