कळफलक बदलावा काय?

यंत्राचा एखादा भाग निकामी झाला म्हणजे तो बदलावा, हा व्यवहारातला सरळ नियम आहे. सायकलचे टायर फाटले तर नवे घालावे, घड्याळाची कमान तुटली तर दुसरी बसवावी. यात फारसा विचार करण्याजोगे काही नसते. लॅपटॉपच्या कळफलकाची गोष्ट मात्र काहीशी निराळी आहे. कळफलकाचा एक भाग यंत्रात असतो, दुसरा भाग यंत्राला चालवणाऱ्या आज्ञावलीत असतो आणि तिसरा, सर्वांत महाग भाग, लिहिणाऱ्याच्या बोटांत असतो. या तिहींपैकी नेमके काय बदलावयाचे आहे, हे ठरविल्याशिवाय दुकानात जाणे म्हणजे रोग न ओळखता औषध विकत घेण्यासारखे आहे.

हा प्रश्न जबलपूरसारख्या शहरात विशेष अगत्याचा ठरतो. भोसल्यांच्या अमलापासून या शहराचा मराठीशी संबंध आहे. १८१७ साली जबलपूर इंग्रजांच्या हाती गेले, तरी मराठी कुटुंबे तेथे राहिली, वाढली. पुढे नागपूर ही ज्याची राजधानी होती त्या जुन्या मध्य प्रदेशात हिंदी व मराठी या दोन्ही भाषांना राजभाषेचे स्थान होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली, विदर्भ वेगळा झाला आणि नव्या मध्य प्रदेशाचे उच्च न्यायालय जबलपुरास आले. तेव्हापासून जबलपूरच्या मराठी माणसाचा कचेरीतला व्यवहार हिंदीत आणि घरचा पत्रव्यवहार मराठीत, अशी विभागणी होऊन गेली. लिपी एकच, देवनागरी. परंतु लेखनाच्या गरजा दोन. अशा घरातील लॅपटॉपचा कळफलक बिघडला आणि दुरुस्तीवाल्याने 'नवा कोणता बसवू?' असे विचारले, म्हणजे त्या साध्या प्रश्नामागे बरेच काही दडलेले असते.

प्रथम यंत्राचा विचार करू. लॅपटॉपच्या कळांखाली पातळ प्लास्टिकचे पापुद्रे असतात. वरच्या व खालच्या पापुद्र्यावर वीज वाहणाऱ्या रेघा छापलेल्या असतात आणि मधल्या पापुद्र्याला कळांच्या जागी भोके असतात. कळ दाबली की रबराची लहानशी टोपी दबते, वरची रेघ खालच्या रेघेला टेकते आणि अमुक आडव्या ओळीतील अमुक उभ्या ओळीची कळ दाबली गेली, एवढी वर्दी आत पोहोचते. या वर्दीत अक्षराचे नावही नसते. 'क' की 'के', मराठी की इंग्रजी, हे कळेला ठाऊक नाही. तिला केवळ आपल्या जागेचा क्रमांक ठाऊक आहे. त्या क्रमांकाचे अक्षर करण्याचे काम संगणकाची आज्ञावली करते. कळेवर छापलेले चिन्ह हे घरावरील पाटीसारखे आहे. पाटी बदलली म्हणून घरातले बिऱ्हाड बदलत नाही.

एवढे ध्यानात घेतले म्हणजे पुष्कळसा गोंधळ आपोआप दूर होतो. एखाद्याला देवनागरीत लिहावयाचे आहे म्हणून देवनागरी अक्षरे छापलेला कळफलक बसवावाच लागतो, ही समजूत खरी नाही. इंग्रजी अक्षरांच्या कळफलकावर, आज्ञावलीत मराठी भाषा जोडून, उत्तम मराठी लिहिता येते. जागा पाठ होईपर्यंत कळांवर अक्षरांच्या चिकटपट्ट्या लावाव्यात, काम भागते.

उलट, काही कळा उठतच नसतील तर आधी बिघाड कोठे आहे ते पाहावे. बाहेरून जोडावयाचा साधा कळफलक लावून पाहावा. तो नीट चालला आणि आतला चालला नाही, तर दोष बहुधा आतल्या कळफलकाचा. संगणक पूर्ण सुरू होण्यापूर्वीच्या मांडणीच्या पडद्यावरही तीच कळ मुकी राहिली, तर दोष आज्ञावलीत नाही हे नक्की झाले. एकच कळ अडत असेल तर तिच्याखाली धूळ साठलेली असू शकते; उन्हाळ्यात धुळीने भरणाऱ्या गावांत हे नित्याचे आहे. मात्र एका ओळीतील अनेक कळा एकदम बंद पडल्या, किंवा चहा सांडल्यावर काही दिवसांनी त्या एकेक करून जाऊ लागल्या, तर आतल्या रेघा तुटल्या किंवा गंजल्या असे समजावे. तेथे साफसफाईचा उपयोग नाही. कळफलक बदलणेच योग्य.

बदलतानाही दोन गोष्टी पाहाव्यात. जुन्या घडणीच्या पुष्कळ लॅपटॉपांत चारदोन स्क्रू काढून व एक फीत सोडवून कळफलक वेगळा होतो. नव्या घडणीच्या अनेक यंत्रांत तो वरच्या आवरणाला कायमचा जखडलेला असतो आणि आवरणासकट बदलावा लागतो. खर्च त्याप्रमाणे वाढतो. दुसरे असे की, अमेरिकी व युरोपीय धाटणीच्या कळफलकांत एंटरच्या कळेचा आकार आणि कळांची संख्या यांत फरक असतो. यंत्राचे नाव तेच असले तरी एका धाटणीचा कळफलक दुसरीच्या चौकटीत बसेलच असे नाही. जबलपुरात मढाताल भागातील जयंती कॉम्प्लेक्समध्ये असे भाग शोधावयास जाणाऱ्याने जुन्या कळफलकाच्या पाठीवरील क्रमांक टिपून नेलेला बरा.

आता आज्ञावलीचा भाग. देवनागरीच्या रचना पुष्कळ झाल्या, पण कचेऱ्यांपुरता विचार केला तर दोनच मुख्य. पहिली रेमिंग्टनची. ती टंकलेखनयंत्राच्या काळातून आली. यंत्रात अक्षराचे तुकडे खिळ्यांवर बसवलेले असत. अर्धा 'ख' आधी उमटवावा आणि मग काना देऊन तो पुरा करावा. 'कि' लिहिताना वेलांटी आधी आणि 'क' मागाहून, कारण कागदावर वेलांटी डावीकडे येते. डोळ्यांना दिसेल त्या क्रमाने बोटे चालत. भारतात १९५५ साली गोदरेजने टंकलेखनयंत्र बनविण्यास सुरुवात केली आणि अर्धे शतक ही यंत्रे कचेऱ्यांत खडखडत राहिली. हजारो कारकुनांची बोटे या वळणावर घडली.

दुसरी रचना इनस्क्रिप्टची. १९८६ साली केंद्र शासनाच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने ती पुढे आणली आणि १९९१ साली भारतीय मानकात तिचा समावेश झाला. तिच्यात डाव्या हाताला स्वर व मात्रा, उजव्या हाताला मुख्यत्वे व्यंजने, आणि लिहावयाचा क्रम उच्चाराचा: आधी 'क', मग वेलांटी. शिफ्टची कळ दाबली की 'क'चा 'ख' होतो, 'त'चा 'थ' होतो. मराठी माणसाच्या सोयीचे म्हणजे 'ल'च्या कळेवर शिफ्टने 'ळ' मिळतो आणि 'र'च्या कळेवर शिफ्टने 'ऱ' मिळतो. हा 'ऱ' हिंदीला नको असतो, पण मराठीला त्याच्याशिवाय चालत नाही. 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरांमधल्या खोल जागा, हा भेद त्यावरच उभा आहे. शिवाय तमिळ, तेलुगू, गुजराती या लिप्यांतही 'क'ची जागा तीच. एक भाषा शिकलेले बोट दुसऱ्या भाषेत पुन्हा चाचपडत नाही.

जुन्या रचनेबरोबर आणखी एक अडचण वारशाने आली. कृतिदेवसारख्या टंकांत लिहिलेला मजकूर संगणकाच्या दृष्टीने देवनागरी नसतोच. पडद्यावर 'राम' दिसते, पण साठवलेली असतात जे, के, ई ही तीन रोमन अक्षरे. तो टंक नसलेल्या यंत्रावर तोच मजकूर उघडला म्हणजे अर्थहीन रोमन अक्षरांची रांग पुढे येते. १९९१ पासून प्रसिद्ध होत आलेल्या युनिकोड या जागतिक संकेतात प्रत्येक देवनागरी अक्षराला स्वतःचा कायमचा क्रमांक आहे. तेव्हा जबलपूरच्या आजोबांनी लिहिलेले कुटुंबाचे टिपण पुण्यातल्या किंवा परदेशातल्या नातवाला वाचता यावे असे वाटत असेल, तर ते युनिकोडमध्ये असणे अगत्याचे आहे. रेमिंग्टनच्या सवयीच्या माणसालाही हे शक्य आहे. रेमिंग्टन गेल या रचनेने बोटे जुन्या जागी ठेवून युनिकोड मजकूर लिहिता येतो. रचना आणि संकेत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, ही खूणगाठ बांधून ठेवावी.

राहिला तिसरा भाग, हाताचा. सवय मोडण्याची किंमत किती, याचा एक जुना दाखला उपयोगी आहे. शोल्सच्या टंकलेखनयंत्राला १८६८ साली पेटंट मिळाले आणि १८७४ पासून रेमिंग्टन कंपनी ते विकू लागली. त्यातूनच आजची इंग्रजी अक्षररचना रूढ झाली. १९३६ साली ड्व्होराक यांनी अधिक शास्त्रीय म्हणून दुसरी रचना पुढे केली. १९५६ साली अमेरिकी शासनासाठी स्ट्राँग यांनी दहा टंकलेखिकांवर तिची परीक्षा घेतली. आधीचाच वेग नव्या रचनेत परत मिळविण्यास त्यांना सुमारे शंभर तासांचा सराव लागला, आणि जुन्याच रचनेवर जादा सराव करणाऱ्यांपेक्षा त्या पुढे गेल्या नाहीत. हा निष्कर्ष सर्वांना मान्य झाला असे नाही, तरी एक गोष्ट त्यातून स्पष्ट होते: तयार हाताने रचना बदलणे हा फुकटचा व्यवहार नव्हे.

म्हणून निर्णय माणसागणिक वेगळा होतो. मध्य प्रदेश शासनाच्या सीपीसीटी या संगणकप्रावीण्य परीक्षेत हिंदी टंकलेखनासाठी रेमिंग्टन गेल आणि इनस्क्रिप्ट या दोन्ही रचना चालतात. ज्या तरुणाचे हात अजून कोरे आहेत, त्याने इनस्क्रिप्टच शिकावी. हिंदीची परीक्षा आणि घरची मराठी ही दोन्ही कामे एकाच कष्टात साधतील. न्यायालयात वीस वर्षे रेमिंग्टनवर काम केलेल्या टंकलेखकाने परीक्षा किंवा बढती तोंडावर असताना रचना बदलू नये. त्याने केवळ जुना टंक सोडून युनिकोड घ्यावे. क्वचित चार ओळी लिहिणाऱ्याला रोमन अक्षरांतून मराठी उमटविण्याची पद्धत पुरेशी आहे. पण 'ल' आणि 'ळ', 'न' आणि 'ण' यांची निवड तेथे दर वेळी डोळ्यांनी तपासावी लागते, आणि मुलांना तीच एक पद्धत शिकविली तर मराठी शब्द मनात आधी रोमन अक्षरांत उभा राहण्याची सवय लागते. दूरच्या प्रांतात मराठी टिकवू पाहणाऱ्या घराने हा तोटा लहान समजू नये.

तात्पर्य, दुकानाची पायरी चढण्यापूर्वी तीन प्रश्न क्रमाने विचारावेत. कळ खरोखर मेली आहे काय? मेली असेल तर त्याच धाटणीचा कळफलक बसवावा. कळ शाबूत असून हवी ती अक्षरेच उमटत नाहीत काय? तर आज्ञावली बदलावी. पैसा खर्च करण्याचे कारण नाही. आणि दोन्ही ठीक असून लिहिणे जड जाते काय? तर बदलावयाचा आहे तो हात, आणि त्यासाठी रोजचा अर्धा तास सराव आणि काही महिन्यांचा धीर एवढेच भांडवल लागते. ते कोणत्याही दुकानात विकत मिळत नाही.