घसा एकाच बाजूला दुखतोय, तोंड उघडत नाही? उशीर करू नका

हवा बदलली की फैजपूर परिसरात घराघरांत घसादुखी सुरू होते. वर्गात रोज दोन-चार मुलं मफलर गुंडाळून बसलेली आम्हा शिक्षकांना दिसतात. बहुतेक घसादुखी विषाणूमुळे होते आणि आठवडाभरात बरी होते. मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या, आराम आणि भरपूर पाणी एवढं पुरतं. प्रत्येक वेळी अँटिबायोटिक लागत नाही.

पण काही वेळा घसा स्ट्रेप्टोकोकस नावाच्या जिवाणूमुळे सुजतो. टॉन्सिल लाल होतात, त्यावर पांढरे ठिपके येतात, गळ्यात गाठी येतात, ताप चढतो. इथे डॉक्टरांचं औषध लागतं आणि ते दिलेले सगळे दिवस घ्यावं लागतं. आपल्याकडे मेडिकलवरून चार गोळ्या आणतात, ताप उतरला की बंद करतात. असा अर्धवट इलाज महागात पडू शकतो. 5 ते 15 वयाच्या मुलांमध्ये पुढे संधिवाताचा ताप येऊन हृदयाच्या झडपा कायमच्या खराब होऊ शकतात.

दुसरा धोका म्हणजे टॉन्सिलच्या मागे पू साचणे. हे तरुण मुला-मुलींत जास्त दिसतं. याची लक्षणं ओळखा :

- दुखणं एकाच बाजूला वाढतं, त्याच बाजूचा कान ठणकतो
- तोंड नीट उघडत नाही
- थुंकी गिळता येत नाही, लाळ गळते
- तोंडात गरम घास धरल्यासारखा आवाज येतो
- पडजीभ दुसऱ्या बाजूला सरकलेली दिसते

आपल्या घरांत अशा वेळी "कव्वा पडला" म्हणतात आणि कुणीतरी बोट घालून तो उचलायला बसतं. असं अजिबात करू नका. पुवाची गाठ फुटली तर पू श्वासनलिकेत जाऊ शकतो. हा पू नुसत्या गोळ्यांनी सहसा जात नाही. डॉक्टर जागा बधिर करून सुईने किंवा छोटी चीर देऊन तो काढतात, सोबत अँटिबायोटिक देतात. पू निघाला की रुग्णाला लवकर आराम पडतो. उशीर झाला तर पू मानेत उतरतो, श्वास अडतो. म्हणून त्याच दिवशी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा. जळगावच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयातही जाता येईल. श्वास घेताना आवाज येत असेल तर सकाळची वाट पाहू नका, रात्रीच 108 ला फोन करा.

घशात राखाडी पापुद्रा दिसला तर घटसर्प असू शकतो. त्यावर लस आहे. लहानपणीचे डोस झाल्यावर 10 आणि 16 व्या वर्षी टीडीची लस मोफत मिळते. शाळेतून संमतीची चिठ्ठी आली की सही करून पाठवा.

रमजानमध्ये आजारी माणसाला रोजा नंतर पूर्ण करण्याची सवलत आहे. रोजासाठी औषधाचा डोस चुकवू नका.