खंडेनवमी आणि खिशातला चाकू

आश्विन शुद्ध नवमी ही खंडेनवमी. खड्गाचा झाला खांडा आणि खांड्याच्या पूजेचा दिवस तो खंडेनवमीचा. क्षत्रियाने तलवार पुजावी, शेतकऱ्याने विळा-कोयता, सुताराने करवत आणि पटाशी. आमच्या घराण्यात तलवार कधीच नव्हती. आमच्या पाटावर मांडला जाई तो आजोबांचा घडीचा चाकू.

शिसवी मुठीचा, मिटला की चार बोटे भरेल एवढा. कोटाच्या खिशात तो रुमालाइतकाच नित्याचा असे. केळीचे पान कापावे, सुतळी तोडावी, नातवंडांच्या पेन्सिलींना टोक करावे, ही त्याची रोजची कामे. आजोबा बोरू घडवू लागले की आम्ही भोवती बसत असू. बोरू तिरपा तासायचा, मध्ये बारीक चीर द्यायची आणि टोक तिरपे छाटायचे. मग त्यातून जाड-बारीक वळणाचे अक्षर उतरे. तुळशीला मात्र त्यांनी चाकू कधी लावला नाही. ती हातानेच खुडायची.

लग्नघरी नवरदेवाच्या हाती लिंबू टोचलेली कट्यार किंवा चाकू देण्याची रीत पुष्कळ ठिकाणी आहे. लोखंडाने अरिष्ट टळते, ही त्यामागची श्रद्धा. आजोबा मात्र म्हणत, "शस्त्राने रक्षण करायचे, तर आधी शस्त्राचे रक्षण करावे." आंबा-लिंबू कापल्यावर ते पाते लगेच धुऊन कोरडे करीत, कारण आंबटाने साधे पोलाद काळवंडते आणि मग गंजते. बिजागरीला खोबरेलाचा थेंब, कुरुंदाच्या दगडावर धार. बोथट चाकूच अधिक घातक, कारण त्याला जोर लावावा लागतो आणि मग तो निसटतो. दुसऱ्याला देताना तो मिटूनच द्यायचा, हा त्यांचा दंडक.

गेल्या खंडेनवमीला आमच्या घरी स्कूटर, संगणक, शिलाई यंत्र सर्वांना झेंडूचे हार चढले. आई पाटाकडे पाहून एवढेच म्हणाली, "मामंजींचा चाकू दिसत नाही." तो माळ्यावरच्या पेटीत सापडला; गंजून असा मिटला होता की उघडेना. वर्षानुवर्षे आम्ही त्याला हळद-कुंकू वाहिले. तेलाचा थेंब मात्र कोणी दिला नव्हता. मला मनापासून लाज वाटली.

तेलात भिजवून, हळूहळू हलवून दुसऱ्या दिवशी दसऱ्याच्या सकाळी तो उघडला. पात्यावर डाग राहिले आहेत, ते राहोत. धाकट्या नातवाने हात पुढे केला तेव्हा सूनबाई घाबरल्या, आणि ते रास्तच होते. मी चाकू मिटला, मग त्याच्या हाती दिला आणि म्हणालो, "उघडायचा तो माझ्याजवळ बसूनच."

आज तो पुन्हा पाटावर आहे. शमीच्या झाडावर ठेवलेली आयुधे पांडवांना अज्ञातवासानंतर जशीच्या तशी मिळाली, ही कथा आपण दरवर्षी सांगतो. आपल्या माळ्यावरची आयुधे मात्र आपणच जपावयाची आहेत. गंध-फुलाआधी एकदा पाते पुसून पाहावे. तीही पूजाच होय.