पहिल्या उड्डाणाआधीचा तास

डिसेंबरातली सकाळ. पुण्यापासून बऱ्याच लांबच्या एका माळावर आम्ही चौघं उजाडता उजाडता पोचलो होतो, कारण नऊनंतर वारा सुटतो. गाडीची मागची सीट आडवी करून आणलेलं विमान सतरंजीवर उतरवलं. पंख एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत २.२ मीटर, वजन बॅटऱ्यांसकट ७ किलो. अंग बाल्सा आणि प्लायवुडचं, पंख पेलणारी नळी कार्बन फायबरची. जर्मनीच्या वॉल्टर एक्स्ट्रांच्या ‘एक्स्ट्रा ३३० एससी’ या कसरतीच्या विमानाची ही प्रतिकृती. चार महिने ती माझ्या हॉलमध्ये होती. आज तिचं ‘मेडन’, म्हणजे पहिलं उड्डाण.

अशा वेळी बघायला येणाऱ्यांना कोलांट्यांची घाई असते. पण चाचणीचं उड्डाण दाखवायचं नसतंच. त्यात विमानाला एकेक प्रश्न विचारायचा आणि ते काय उत्तर देतं ते नीट ऐकायचं. निम्मे प्रश्न तर ते जमिनीवर उभं असतानाच विचारून घ्यावे लागतात.

पहिला प्रश्न तोलाचा. दोघांनी दोन बाजूंनी पंखाखाली, नळीच्या रेषेत बोटांची टोकं लावून विमान उचलायचं. नाक किंचित खाली झुकलं तर पहिल्या दिवसापुरतं चालेल. शेपूट खाली गेलं तर उडवायचंच नाही. शेपटीकडे जड असलेलं विमान हवेत हाताला लागत नाही. तोल सरकवायला शिसं भरावं लागत नाही, बॅटऱ्याच पुढंमागं करायच्या. त्यांचं वजन १४०० ग्रॅम, म्हणजे विमानाच्या वजनाचा पाचवा हिस्सा. त्या १ सेंटीमीटर पुढं घेतल्या की तोलबिंदू २ मिलिमीटर पुढं येतो. इलेक्ट्रिक विमानाचा हा मोठा गुण आहे. पेट्रोलवर उडणाऱ्याची टाकी उडता उडता रिकामी होते आणि वजन बदलत जातं. इथं मात्र पहिल्या सेकंदाला जे वजन तेच शेवटच्या सेकंदाला, त्यामुळे विमानानं पहिल्या मिनिटात दिलेलं उत्तर पाचव्या मिनिटातही खरं असतं.

दुसरा प्रश्न दिशांचा. विमानाच्या मागं उभं राहायचं, स्टिक उजवीकडे न्यायची आणि उजव्या पंखाचा एलेरॉन, म्हणजे मागच्या कडेची झडप, वर उठते का ते बघायचं. नुसतं बघायचं नाही, तोंडानं म्हणायचं. अकरा वर्षांपूर्वी मी ते म्हटलं नव्हतं. ट्रान्समीटरमध्ये एक दिशा उलटी राहिली होती. विमान जमिनीवरून सुटलं, डावीकडे कललं, मी सावरायला उजवीकडे स्टिक दिली आणि ते आणखी डावीकडे गेलं. तीन सेकंदांत सगळं संपलं. एका हिवाळ्याचं काम मी पोत्यात भरून घरी आणलं. तेव्हापासून ही तपासणी मोठ्यानं होते, आणि शेजारी उभा असलेला माणूस ती पुन्हा करतो.

मग रेंज चेक. ट्रान्समीटरची शक्ती मुद्दाम कमी करून तीसेक पावलं लांब जायचं आणि सगळ्या झडपा ऐकतात का ते पाहायचं. त्यानंतर प्रॉपेलर काढून ठेवून फेलसेफ तपासायचा: ट्रान्समीटर बंद केला की मोटर थांबलीच पाहिजे.

मोटरबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं. बॅटऱ्यांत मिळून एकामागोमाग जोडलेले १२ लिथियम पॉलिमर सेल असतात. पूर्ण चार्ज झाल्यावर एका सेलचा दाब ४.२ व्होल्ट, सगळे मिळून ५०.४. पूर्ण थ्रॉटलला १०० अँपिअरच्या आसपास प्रवाह गेला की ५ किलोवॉट होतात, जवळपास ७ अश्वशक्ती. १०० सीसीच्या मोटरसायकलपेक्षा थोडीच कमी ताकद, आणि ओढायचं काय, तर ७ किलो. म्हणून हे विमान नाक आकाशाकडे करून नुसत्या प्रॉपेलरच्या जोरावर हवेत उभं राहू शकतं. ३० जून १९५७ रोजी इंग्लंडमध्ये कर्नल टॅपलिन यांनी ‘रेडिओ क्वीन’ हे मॉडेल विजेच्या मोटरवर उडवलं, तेव्हा त्यात चांदी-जस्ताची बॅटरी होती आणि नुसतं उडणं हेच यश होतं.

पण आजच्या मोटरची ही ताकद आवाज करत नाही. पेट्रोलचं इंजिन चालू असलं की माळभर कळतं. इलेक्ट्रिक मोटर गप्प बसलेली असते आणि थ्रॉटलला बोट लागलं की त्याच क्षणी २२ इंची प्रॉपेलर फिरतो. म्हणून आर्मिंग प्लग, म्हणजे बॅटरी मोटरला जोडणारी खिट्टी, सगळ्यात शेवटी, विमान धावपट्टीवर नेल्यावर, आणि प्रॉपेलरच्या मागं उभं राहूनच लावायचा. या एका नियमावर मी कुणाचंही ऐकून घेत नाही.

आपल्याकडे ‘ड्रोन नियम २०२१’ मॉडेल विमानांनाही लागू आहेत, आणि पुण्यात लोहगावचा विमानतळ जवळ असताना कुठं उडवायचं हे आधी नकाशावर बघावंच लागतं. माळ लांबचा निवडला तो त्यासाठीच.

सव्वाआठला विमान वाऱ्याकडे तोंड करून उभं केलं. थ्रॉटल हळूहळू वाढवायचा, डावीकडे ओढ जाणवली की रडर, म्हणजे शेपटीची उभी झडप, किंचित उजवीकडे. पंधरा मीटर धावून ते सुटलं. चूक झाली तर सावरायला जागा उरेल एवढी उंची गाठली आणि मग ट्रिम: हात सोडल्यावर ते सरळ जातं का? उजवीकडे थोडं कलत होतं. ट्रिमच्या तीन टकटकीत सरळ झालं. मग वरच थ्रॉटल कमी करून एलिव्हेटर, म्हणजे शेपटीची आडवी झडप, ओढत नेला, वेग संपेपर्यंत. नाक सरळ खाली आलं, पंख पडला नाही. म्हणजे उतरताना वेग जरा कमी झाला तरी ते दगा देणार नाही. टायमर चार मिनिटांवर वाजला आणि मी उतरवलं.

चारच मिनिटं कशासाठी? ते चार्जर सांगतो. बॅटरीत २६०० मिलीअँपिअर-तास परत गेले, म्हणजे मिनिटाला ६५०. ५००० ची बॅटरी, त्यातले ४००० च वापरायचे, म्हणजे पुढची उड्डाणं सहा मिनिटांची.

खरी मजा दुसऱ्या उड्डाणात आली. विमान पाठीवर उलटं करायचं, ४५ अंशात वर न्यायचं आणि स्टिक सोडायची. नाक लगेच जमिनीकडे वाकलं. म्हणजे पुढून जड. खाली येऊन बॅटऱ्या दीड सेंटीमीटर मागं घेतल्या, दुसरं काहीच बदललं नाही. सोबतचा इंजिनिअरिंगचा पोरगा म्हणाला, “काका, वर जाताना डावीकडे झुकतंय, मोटर जरा उजवीकडे वळवायला तिच्यामागं वॉशर पण टाकू या का?” मी नाही म्हटलं. दोन गोष्टी एकदम बदलल्या की कशानं काय झालं ते कळत नाही, आणि तोल हलला की त्याच्यावर उभ्या असलेल्या बाकी सगळ्या उत्तरांचाही रंग बदलतो. तिसऱ्या वेळी उलटं विमान त्या ४५ अंशात दोरी ताणल्यासारखं चढत गेलं आणि आम्ही चौघंही गप्प झालो. आता वॉशरची पाळी.

वॉशर टाकायच्या आधी सवयीनं एकेक सेल मोजला. अकरा सेल ३.८२ वर. सातवा ३.६१. पोरानं मीटर पुन्हा लावून पाहिला, तोच आकडा. विमान उत्तम होतं, हवा अजून शांत होती आणि आमच्याकडे बॅटऱ्यांची दुसरी जोडी नव्हती. मी त्या सेलच्या बॅटरीवर लाल टेप गुंडाळली, ती पत्र्याच्या डब्यात ठेवली आणि पंखांचे बोल्ट सोडायला घेतले.