चार इंची स्पीकर आणि डब्यात दुमडलेला कर्णा: घरी बनवण्याआधी एवढं समजून घ्या

स्पीकर म्हटलं की आपल्या सीमाभागात आधी आठवते ती मिरवणुकीतली डॉल्बीची भिंत. बास हवा तर स्पीकर मोठा आणि अ‍ॅम्प्लिफायरही मोठा, हे समीकरण त्यामुळे डोक्यात पक्कं बसलंय. पण अवघ्या चार इंची स्पीकरमधून, पाच-दहा वॉटच्या अ‍ॅम्प्लिफायरवर, तंबोऱ्याचा खर्ज खोलीभर ऐकवता येतो. त्यासाठी लागतो प्लायवूडच्या डब्यात दुमडून बसवलेला कर्णा, म्हणजेच 'बॅक-लोडेड हॉर्न'. तो घरी बनवता येतो. मात्र गोंद लावून डबा एकदा बंद केला की आतली चूक दुरुस्त करता येत नाही. म्हणून करवत चालवण्याआधी गणित समजून घेतलेलं बरं.

मागचा आवाज वाया का घालवायचा?

स्पीकरचा कागदी कोन पुढे-मागे हलतो, तेव्हा पुढे जितका आवाज जातो तितकाच मागेही जातो. साध्या बंद डब्यात हा मागचा आवाज कोंडून टाकतात. कर्ण्याच्या डब्यात तो आधी एका लहान कप्प्यात येतो, तिथून अरुंद गळ्यातून हळूहळू रुंद होणाऱ्या बोळात शिरतो आणि शेवटी मोठ्या तोंडातून बाहेर पडतो. सनईचा किंवा जुन्या ग्रामोफोनचा कर्णा हेच काम करतो: छोट्या हालचालीची मोठ्या हवेशी गाठ घालून देतो. कप्प्यातली हवा स्प्रिंगसारखी वागते आणि वरचे स्वर गळ्यापर्यंत जाऊ देत नाही. त्यामुळे वरचे स्वर कोनाच्या पुढून येतात आणि खालचे कर्ण्यातून.

कल्पना जुनी आहे. ब्रिटनमध्ये पॉल व्हॉइग्ट यांनी १९३० च्या दशकातच एका कोनाच्या स्पीकरसाठी खोलीच्या कोपऱ्यात बसणारा घरगुती कर्णा बनवला होता. जपानमध्ये फोस्टेक्सचा चार इंची एफई-१०३ हा फुलरेंज स्पीकर १९६४ मध्ये आला. पुढे तेत्सुओ नागाओका (१९२६-२०००) या समीक्षकाने साध्या सरळ कापांच्या प्लायवूडमध्ये बसणारे कितीतरी आराखडे छापून हा छंद घराघरांत नेला.

आकडे किती, ते आधी ठरवा

किती खालचा स्वर हवा, हा पहिला प्रश्न. काळी एकमध्ये लावलेल्या पुरुष गायकाच्या तंबोऱ्याची खर्जाची तार सुमारे ६९ हर्ट्झवर वाजते. म्हणजे डबा ६० हर्ट्झच्या आसपास पोचला तरी गाणं, पेटी, तबला यांना पुरेसं झालं.

चार इंची स्पीकरच्या हलणाऱ्या कोनाचं क्षेत्रफळ साधारण ५० चौरस सेंटिमीटर असतं. गळाही तेवढाच धरू. ५० हर्ट्झच्या हिशेबाने वाढणाऱ्या कर्ण्याचं क्षेत्रफळ दर ३८ सेंटिमीटरला दुप्पट व्हायला हवं. चार वेळा दुप्पट केलं की लांबी होते १५२ सेंटिमीटर आणि तोंड ८०० चौरस सेंटिमीटर. डब्याची आतली रुंदी सगळीकडे १६ सेंटिमीटर ठेवली, तर बोळाची उंची अशी वाढत जाते: गळ्याशी ३.१ सेंटिमीटर, मग ६.२५, १२.५, २५ आणि तोंडाशी ५०. आवाज सेकंदाला साधारण ३४५ मीटर जातो. त्या हिशेबाने १५२ सेंटिमीटरच्या बोळाला सुमारे ५७ हर्ट्झपर्यंत आधार मिळतो.

नियमाप्रमाणे पाहिलं तर ५० हर्ट्झच्या पुऱ्या कर्ण्याचं तोंड जवळजवळ पावणेचार चौरस मीटर हवं. ते घरात मावणार नाही. म्हणूनच हे डबे खोलीच्या कोपऱ्यात ठेवतात. तिथे जमीन आणि दोन भिंती मिळून कर्ण्याचा उरलेला भाग होतात. डबा खोलीच्या मधोमध आणला की बास लगेच पातळ होतो.

हे आकडे तत्त्व समजण्यासाठी आहेत. पहिला डबा बनवताना तुम्ही घेतलेल्या स्पीकरसाठी आधी करून पाहिलेला आराखडाच वापरा.

कुठलाही स्पीकर चालत नाही

पैसे वाया जातात ते इथेच. कर्ण्याला हलका कोन आणि जोरदार चुंबक लागतं. स्पीकरच्या माहितीपत्रकात 'क्यूटीएस' नावाचा आकडा असतो. तो साधारण ०.२ ते ०.४ च्या दरम्यान हवा. गाडीच्या दरवाज्यात बसणाऱ्या स्पीकरचा हा आकडा बऱ्याचदा जास्त असतो. असा स्पीकर कर्ण्यात घातला की बास घुमतो आणि बाकी गाणं त्यात बुडतं. माहितीपत्रकच नसलेला स्पीकर हाती असेल तर त्याला साधा डबाच करा.

सुताराला काय सांगाल?

आपल्याकडचे सुतार इंच आणि सुतात मोजतात. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, सव्वातीन मिलिमीटरच्या आसपास. कपाटाला एक सूत इकडेतिकडे झालं तर कोणी बघत नाही. पण आपला गळाच ३१ मिलिमीटरचा. तिथे एक सूत चुकलं म्हणजे दहा टक्के चुकलं. म्हणून मापं मिलिमीटरमध्येच लिहून द्या.

प्लाय सहा सुती, म्हणजे १८-१९ मिलिमीटरची घ्या. गोवा, खानापूरसारख्या पावसाच्या भागात एमडीएफ फुगतो. तिथे आयएस ३०३ ची बीडब्ल्यूआर किंवा आयएस ७१० ची मरीन प्लाय बरी. आखणी नीट केली तर वरच्या मापाची जोडी आठ बाय चारच्या एका शीटमध्ये बसू शकते.

एक बाजू शेवटपर्यंत चिकटवू नका. कडेला फोमची पट्टी लावून ती स्क्रूने बसवा आणि चार-आठ दिवस ऐका. आवाज डब्यातून बोलल्यासारखा वाटला तर स्पीकरमागच्या कप्प्याला आतून जुन्या घोंगडीचा तुकडा लावा. बोळात मात्र काही कोंबू नका, बास मरतो. सांधे तपासायला हळू आवाजात खालचा स्वर लावून उदबत्ती फिरवा. धूर थरथरला तिथे फट आहे. समाधान झालं की मगच गोंद लावा.

अपेक्षा किती ठेवायची?

डॉल्बीची अपेक्षा ठेवू नका. कर्ण्याच्या मर्यादेखाली कोनाला हवेचा आधार राहत नाही. तिथे आवाज वाढवला तर चार इंची कोन मोकाट हलतो आणि फाटू शकतो. शिवाय मागचा आवाज दीड मीटर फिरून येतो, त्यामुळे काही स्वर थोडे उठून येतात, काही दबतात. या डब्याचा तो गुणधर्मच आहे.

पण मानवी आवाजाला हा डबा न्याय देतो, कारण गळ्यातला सगळा आवाज एकाच कोनातून येतो, मध्ये क्रॉसओव्हर नाही. बेळगावजवळच्या सुळेभावीत जन्मलेल्या आणि पुढे देवासला स्थायिक झालेल्या कुमार गंधर्वांचं एखादं जुनं ध्वनिमुद्रण लावून बघा. मागे तंबोरा सलग ऐकू आला आणि शब्द स्पष्ट राहिले, तर डबा जमला असं समजा.