सोलापूरच्या किल्ल्याचा खंदक : सरहद्दीची पट्टी व शहराची बाग

सोलापूरच्या भुईकोट किल्ल्यासंबंधानें जें लिहिलें जातें त्यांत तट, बुरूज, दरवाजे व लेख यांचाच विचार बहुधा असतो. खंदक व त्यालगतची मोकळी जमीन यांजकडे संशोधकांचें लक्ष क्वचितच जातें. आमच्या मतें शहराच्या मध्यभागीं आज जी हिरवी पट्टी दिसते तिचें मूळ या रिकाम्या जागेंतच शोधिलें पाहिजे.

हा किल्ला मूळचा सरहद्दीचा. बहामनी सत्ता मोडल्यावर अहमदनगर व विजापूर या दोन शाह्यांमध्यें सोलापूर व त्याखालील साडेपांच परगणे हा शतकभर कलहाचा विषय झाला. बुऱ्हाण निजामशहाचें लग्न आदिलशाही घराण्यांत झालें तेव्हां हा मुलूख आंदण मिळावयाचा ठरला होता, असें निजामशाहीचें म्हणणें. तो मिळाला नाहीं आणि लढाया जुंपल्या. पुढें चांदबिबी अली आदिलशहास दिली त्या वेळीं, म्हणजे तालिकोटच्या (१५६५) थोडें आधीं, सोलापूर विजापूरकडे आंदण म्हणून गेलें. इतक्या वेळां लग्नाच्या याद्यांत चढलेला किल्ला दक्षिणेंत दुसरा सांपडणें कठीण! १६६८ च्या तहानें तो मोंगलांस मिळाला व मे १८१८ मध्यें मन्रोच्या फौजेनें पेशव्यांच्या शिबंदीकडून घेतला.

१८८४ च्या गॅझेटियरांत किल्ल्याची लांबी ३२० यार्ड व रुंदी १७६ यार्ड दिली असून, पूर्वेकडील सिद्धेश्वर तलावाची बाजू सोडून सर्वत्र १०० ते १५० फूट रुंद व १५ ते ३० फूट खोल पाण्याचा खंदक असल्याचें नमूद आहे. इतकी रुंदी केवळ शिडी लावणाऱ्यास अडविण्यापुरती नव्हे. सुरुंग लावणाऱ्यास ओल्या जमिनींतून भुयार नेतां येऊं नये व शत्रूचा मोर्चा तटापासून दूर राहावा, हा तींत हेतु. पूर्वेस तलावानेंच खंदकाचें काम केलें. तोफेच्या टप्प्यांत घर अथवा झाड उभें राहूं द्यावयाचें नाहीं, हा तर भुईकोटाचा सामान्य नियमच होता.

तोफांचें भय गेलें म्हणजे अशी रिकामी जागा शहराच्या हातीं येते. व्हिएन्ना येथें १८५७ च्या बादशाही हुकुमानें तट पाडून बाहेरील मोकळ्या पट्टींत रुंद रस्ता, बागा व इमारती झाल्या. मुंबईस १८६२ नंतर फ्रीअरच्या कारकीर्दींत कोटाच्या भिंती गेल्या. आझाद, क्रॉस व ओव्हल हीं मैदानें जुन्या एस्प्लनेडचेच तुकडे होत. सोलापुरास मात्र उलट घडलें. येथें तट राहिला आणि त्याच्या पायथ्याशीं बाग आली. तिचें नांव हुतात्मा बाग. १२ जानेवारी १९३१ रोजीं येरवड्यास फांशी गेलेल्या मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकृष्ण सारडा, जगन्नाथ शिंदे व कुर्बान हुसेन यांची आठवण तींत आहे.

बागेचा उपकार आम्ही नाकारीत नाहीं. बाग नसती तर ही जागा दुकानांनीं केव्हांच गिळली असती. २०१० मध्यें दुरुस्त झालेल्या कायद्यानें संरक्षित वास्तूभोंवतीं १०० मीटरपर्यंत नवें बांधकाम निषिद्ध व पुढील २०० मीटर नियंत्रित केलें आहे. किल्लेदाराच्या जुन्या नियमाचेंच हें नवें रूप, फक्त तोफेऐवजीं कागदाचें. परंतु झाडाचें मूळ व रोजचें पाणी यांस तटाची पर्वा नसते. सांध्यांत रुजलेला पिंपळ चिरे उकलतो. पायथ्याशीं भरलेली माती पायाचे थर झांकते आणि भिंतीची खरी उंची हरवते. खंदकाच्या गाळांत खापरें, गोळे, विटा जशा पडल्या तशा थरांनीं बसलेल्या असतात. कारंज्यासाठीं किंवा नळासाठीं एक चर खणला कीं त्या थरांचा क्रम कायमचा जातो, व कोणत्याही बखरीनें तो भरून निघत नाहीं.

म्हणून आमची सूचना इतकीच कीं, नवा खड्डा घेण्यापूर्वीं त्या जागेचें मोजमाप, छायाचित्र व थरांचा नकाशा व्हावा. झाडें तटापासून हटून लावावींत. आणि खंदकाचा निदान एक भाग न बुजवितां पूर्ण खोलीनें दिसूं द्यावा. ज्या संग्राहकांपाशीं सोलापूर प्रांताचीं रुमालें असतील त्यांनीं खंदक उपसणें, तलावाचें पाणी, गवताचा मक्ता, तटावरचीं झाडें तोडणें असल्या क्षुल्लक वाटणाऱ्या नोंदी टाकूं नयेत. त्यांच्या नकला तारखेसह प्रसिद्ध कराव्या.