साइटवरचं पहिलं वर्ष

पुण्यात शिकलेल्या मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांची नोकरी 1884 मध्ये नाशिकला सुरू झाली, सहायक अभियंता म्हणून. आज पदवी घेऊन नोकरीला लागणाऱ्या मुलामुलींचा पहिला वर्गही साइटवरच भरतो, धुळीत.

स्लॅब ओतायच्या आदल्या संध्याकाळी नवा इंजिनिअर ड्रॉइंग हातात घेऊन सळया मोजतो. व्यास, अंतर, लॅप म्हणजे सळईवर सळईचा चढ, सगळं. मग सळई साच्यापासून दूर ठेवणारे ठोकळे, म्हणजे कव्हर ब्लॉक: स्लॅबला साधारण 20 मिलिमीटर, कॉलमला 40. ते सरकले की सळईवरचं काँक्रीट कमी पडतं, ओल आत शिरते आणि पुढे लोखंड गंजतं. हे तपासायची संधी एकदाच मिळते, कारण काँक्रीट पडलं की सारं झाकलं जातं.

सकाळी मिक्सर आला की आधी स्लम्प, म्हणजे काँक्रीट किती पातळ आहे याची चाचणी, मग ताकद तपासायला 150 मिलिमीटरचे क्यूब. एम-25 काँक्रीट म्हणजे 28 दिवसांनी चौरस मिलिमीटरला 25 न्यूटन ताकद. तयार काँक्रीटमध्ये वरून ओतलेलं पाणी हीच ताकद खातं. तिथे ठामपणे ‘नको’ म्हणणं हे नवख्यासाठी सर्वांत अवघड काम.

मुरलेला सेंट्रिंग मिस्त्री मात्र टेकू पाहूनच धोका ओळखतो. त्याच्याशी आदराने बोलणारा इंजिनिअर लवकर तयार होतो.

हेल्मेट, सेफ्टी शूज आणि रोजची नोंदवही पहिल्या दिवसापासून हवीच.